मदत हवी आहे: रिसेप्शनिस्टने काम सोडलं, पेशंटचे रिपोर्ट अजून तिच्याच फोनवर जातायत

कावेरीकाठ
तातडीने मदत हवी. क्लिनिकमधल्या मुलीने १ तारखेला काम सोडलं. रिपोर्ट अजून तिच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर जातायत. व्हॉट्सअ‍ॅपमधून लॉगआउट केलं, काही फरक नाही. ते बंद कसं करायचं? संध्याकाळी ओपीडी आहे, लवकर सांगा.

सुईदोरा
लॉगआउट कुठल्या फोनवरून केलंत? मुख्य फोन कोणाकडे? सिम कोणाच्या नावावर? एवढं कळल्याशिवाय कुणीही काही सांगितलं तरी तो अंदाजच.

तिसरा मजला
मुख्य फोन हातात असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आधी बदला. त्याच वेळी स्वतःचा ईमेल जोडा, नाहीतर पिन विसरलात की अडकाल.

कावेरीकाठ
लॉगआउट रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरून केलं. नंबर तिचाच आहे, पहिल्यापासून केसपेपरवर तोच छापलाय.

सुईदोरा
मग तुम्ही तिला बाहेर नाही काढलंत, स्वतःचा कॉम्प्युटर तिच्या खात्यातून बाहेर काढलात. आता आलेले रिपोर्ट तुम्हालाच दिसणार नाहीत. खातं तिच्या सिमवर आहे, तुमच्याकडून ते बंद होणार नाही.

गळती लॅबमध्ये आहे. पॅथॉलॉजी, सोनोग्राफी, एक्स-रे, जिथे जिथे पेशंट पाठवता तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये 'रेफर करणारे डॉक्टर' या नोंदीपुढे तिचा नंबर आहे. रिपोर्ट तयार झाला की तो आपोआप त्या नंबरवर जातो. आधी प्रत्येक लॅबला फोन करून तो नंबर आजच काढायला सांगा. नवीन सिम उद्या घेतलं तरी चालेल.

माजघर
एवढा खटाटोप कशाला? सिमची मालकी डॉक्टरांच्या नावावर करून घ्या. कंपनीच्या दुकानात दोघांनी केवायसी दिलं की झालं. नंबर तोच राहतो, केसपेपरही बदलावे लागत नाहीत.

सुईदोरा
ती का देईल? तिचं बँक खातं, आधार, गॅस सगळं त्याच नंबरवर असणार. शिवाय सिम तुमच्याकडे आलं तरी तिच्या फोनमधल्या पीडीएफ तिथेच राहतात.

ओली शाई
एक बाजू मांडते. त्या मुलीचा यात काही दोष नाही. क्लिनिकने तिचा खासगी नंबर वापरला आणि तो केसपेपरवर छापला. आता रात्री-अपरात्री पेशंटचे फोन तिलाच येत असतील. तिच्याशी नीट बोला, धाक दाखवू नका. फोन तिचा आहे, तो हिसकावून तपासायचा अधिकार डॉक्टरांनाही नाही.

ती तयार असेल तर तिच्यासमोर बसून या क्रमाने करा. आधी तिच्या परवानगीने व्हॉट्सअ‍ॅप वेब जोडून लागणारे रिपोर्ट क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि पेशंटच्या फायलीत लावा. हे राहिलं आणि चॅट पुसले तर चालू उपचारांचे कागद जातील. मग पेशंट आणि लॅबचे चॅट एकेक करून डिलीट करा, विचारल्यावर मीडियाही डिलीट करा असं सांगा. पीडीएफ तरीही मागे राहू शकतात, म्हणून फाइल मॅनेजरमधून व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडियातलं 'डॉक्युमेंट्स' फोल्डर उघडून पाहा. 'सेंट' नावाचं फोल्डर आत वेगळं असतं, ते हमखास विसरतं. गुगल फोटोजमध्ये व्हॉट्सअ‍ॅप इमेजेसचा बॅकअप चालू असेल तर तिथूनही काढा, आणि मग तिथली कचरापेटी रिकामी करा. सगळ्यात शेवटी व्हॉट्सअ‍ॅपचा नवीन बॅकअप घ्यायला लावा, म्हणजे गुगल ड्राइव्हवरच्या जुन्याच्या जागी तो नवा येईल. फोनमध्येही काही दिवसांचे बॅकअप साठलेले असतात, ते 'डेटाबेसेस' फोल्डरमध्ये मिळतील.

माजघर
मुळात व्हॉट्सअ‍ॅपच बंद करा. रिपोर्ट फक्त लॅबच्या पोर्टलवर, म्हणजे वेबसाइटवर, लॉगिन करून.

तिसरा मजला
सत्तरीच्या आजी पोर्टल उघडणार आहेत का? व्हॉट्सअ‍ॅप राहू द्या, पीडीएफला पासवर्ड लावा.

सुईदोरा
पासवर्ड कोणता? काही लॅब मोबाइलचे शेवटचे चार आकडे ठेवतात. ज्या नंबरवर पीडीएफ गेली त्याचेच आकडे, म्हणजे ज्याच्या हातात तो फोन त्याला सगळं खुलं. तसंही चार आकड्यांचे पर्याय १०,००० च, ते संगणकाला काहीच नाहीत. पेशंटला समोर असताना पासवर्ड सांगा, मेसेजने पाठवू नका.

रद्दीचा भाव
जुने केसपेपर किती वर्षं ठेवायचे तेही बघून घ्या. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत अ‍ॅडमिट पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायला सांगितल्यात. पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. आणि ३ वर्षं झाली म्हणून गठ्ठा रद्दीवाल्याला देऊ नका. श्रेडर घ्याल तर लांब पट्ट्या कापणारा नको, त्या जुळवता येतात. आडवे-उभे तुकडे करणारा घ्या.

ओली शाई
प्रश्न फोनचा आहे, कागदांचा धागा वेगळा काढा.

माजघर
लोकांची खासगी माहिती जपण्यासाठीच्या नवीन डेटा कायद्यात २५० कोटी दंड आहे, एवढं लक्षात ठेवा.

सुईदोरा
तो कमाल आकडा आहे, छोट्या क्लिनिकला उद्या नोटीस येणार असं नाही. कायदा २०२३ चा, नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी. पण पेशंटची माहिती बाहेर सांगायची नाही हे २००२ च्या नियमांतही आहेच. कावेरीकाठ, क्लिनिक कसलं आहे ते अजून सांगितलं नाहीत.

कावेरीकाठ
स्त्रीरोग. डॉक्टर दोघे. दोन लॅबना फोन झाला, त्यांनी नंबर काढला. ती उद्या यायला तयार आहे.

ओली शाई
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! मग त्या फोनमध्ये गरोदरपणातल्या एचआयव्ही चाचण्या असणार, गर्भपाताच्या पेशंटची नावंही असतील. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, कायद्यातले अपवाद सोडले तर संमतीशिवाय ती माहिती कुणालाही सांगता येत नाही. गर्भपात कायद्यात २०२१ ची दुरुस्ती आहे, कलम ५अ: त्या स्त्रीचं नाव उघड केलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे दोन्ही प्रकार उद्या सगळ्यात आधी शोधून काढा, बाकीचं नंतर. आणि यापुढे एचआयव्हीचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मागवूच नका. बंद पाकिटात थेट डॉक्टरांच्या हातात.

तिसरा मजला
तिच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस अ‍ॅप असेल तर अवे मेसेज, म्हणजे आपोआप जाणारं उत्तर, लावायची विनंती करा: 'हा नंबर आता क्लिनिकचा नाही, कृपया रिपोर्ट पाठवू नये', पुढे नवा नंबर. अ‍ॅड्रेस बुकमध्ये नसलेल्यांनाच जाईल असा पर्याय आहे, म्हणजे तिच्या घरच्यांना त्रास नाही. पेशंटचे नंबर सेव्ह केलेले असतील तर ते आधी काढावे लागतील.

कावेरीकाठ
बिझनेसच आहे. तिसरी लॅब म्हणते लेटरहेडवर लिहून द्या, फोनवर बदलत नाही.

सुईदोरा
ती लॅब बरोबर करतेय. उद्या कुणीही फोन करून नंबर बदलला तर? लेटरहेडवर जुना नंबर, नवा नंबर, तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक घाला. 'आजपासून जुन्या नंबरवर कोणताही रिपोर्ट पाठवू नये' ही ओळ वेगळी लिहा. पोच घ्या. बाकीच्या दोन लॅबनाही तेच पत्र द्या, आणि नवं सिम डॉक्टरांच्या नावावर घ्या, येणाऱ्या रिसेप्शनिस्टच्या नको.