अँजिओग्राफी नॉर्मल, तरी ताईच्या छातीत दुखतं. सीआरपी वाढल्याचा संबंध असेल का?

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. ताई ५२ वर्षांची, पाळी थांबलेली, मधुमेह नाही. जिना चढताना तिच्या छातीवर दडपण येतं आणि थांबल्यावरही बराच वेळ रेंगाळतं. जिभेखालच्या गोळीने कधी आराम पडतो, कधी काहीच फरक नाही. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी केली, तर एकही ब्लॉक नाही. 'हृदय ठणठणीत आहे, टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवलं. आता घरात कुणी तिचं दुखणं मनावरच घेत नाही, याचा तिला जास्त त्रास होतोय.

नंतर एचएस-सीआरपी (शरीरातला दाह, म्हणजे आतली सूज, दाखवणारी रक्ततपासणी) ४.६ आला. काही आठवड्यांनी पुन्हा केला, जवळपास तेवढाच. सर्दी-ताप, दातांचं दुखणं काही नव्हतं. वाचताना मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना (हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांमुळे छातीत दुखणं), दाह, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (शरीरात घातक ऑक्सिजन-रेणू वाढणं) असं बरंच समोर आलं. याचा छातीतल्या दुखण्याशी नेमका संबंध काय? एका नातेवाइकांनी अँटीऑक्सिडंट कॅप्सूल आणून दिल्यात, त्या द्याव्यात का? आणि पुढे कोणती तपासणी मागावी?

निशिगंध:
मी फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही, तेवढं धरून वाचा. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या दिसतात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्या दिसतच नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला किती रक्त द्यायचं हे मुख्यतः त्याच ठरवतात. त्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्याने वाहिनी सैल होते. (या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं.) शरीरात दाह टिकून राहिला की सुपरऑक्साइडसारखे रेणू वाढतात आणि ते हे नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतात. शिवाय ते बनवणाऱ्या एन्झाइमचा सहघटकच ऑक्सिडाइज झाला, तर तेच एन्झाइम उलट सुपरऑक्साइड बनवायला लागतं. म्हणजे चक्र सुरू. श्रमाच्या वेळी वाहिनी पुरेशी सैल होत नाही, कधी उलट आवळते, आणि दुखतं.

अशा रुग्णांमध्ये सीआरपी जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. पण ४.६ वरून निदान होत नाही. लठ्ठपणा, धूम्रपान, हिरड्यांचा आजार, संधिवात, कशानेही तो वाढतो. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हेही पूर्ण सुटलेलं नाही.

कॅप्सूलचं स्पष्टच सांगतो: नको. कागदावर तर्क सुंदर आहे, पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या होप अभ्यासात साडेनऊ हजारांवर रुग्णांना साडेचार वर्षांच्या आसपास ई जीवनसत्त्व (हेही अँटीऑक्सिडंटच) किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, दिलं, आणि हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. दाह कमी करायला रोजचं चालणं, वजन, रक्तदाब आणि गरज असल्यास स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) हे जास्त भरवशाचं.

वाटसरू:
माझ्या बायकोचं अगदी असंच होतं. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना फक्त रिपोर्ट नाही, अँजिओग्राफीची सीडीही न्या. आणि 'ब्लॉक नाही, मग इस्केमिया (हृदयाला रक्त कमी पडणं) कशामुळे?' हा प्रश्न लिहूनच न्या. तिथे गेल्यावर आपली बोलती बंद होते.

निशिगंध:
तपासणीचं राहिलं. कॉरोनरी फ्लो रिझर्व्ह (गरज पडल्यावर हृदयाचा रक्तपुरवठा किती पट वाढतो) मोजता येतो, कॅथेटरने किंवा पेट स्कॅन, स्ट्रेस एमआरआयने. धमनी आवळते का हे बघायला असिटिलकोलीन चाचणी (हे औषध धमनीत सोडून बघतात), ती मात्र मोजक्याच ठिकाणी होते. स्कॉटलंडमधल्या २०१८ च्या कॉरमिका अभ्यासात १५१ रुग्ण होते. अशा चाचण्यांवरून ज्यांची औषधं ठरवली, त्यांचा अँजायना सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाला. बारीक वाहिन्यांचा दोष निघाला तर बहुधा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध), धमनी आवळत असल्याचं निघालं तर कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर (धमनी सैल करणारं औषध). म्हणून अंदाजाने गोळ्या बदलत बसण्यापेक्षा कारण शोधलेलं बरं.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार, कॅप्सूल परत करते. ताई सध्या बीटा ब्लॉकरवर आहे. चाचणीआधी तो थांबवावा लागतो का?

निशिगंध:
चाचणी कोणती यावर अवलंबून. काही औषधं आणि चहा-कॉफी आधी बंद ठेवायला सांगतात, पण ते तिथलेच डॉक्टर सांगतील. बीटा ब्लॉकर स्वतःहून एकदम बंद करू नका, अँजायना उसळू शकतो. आणि आरामात असतानाही दुखायला लागलं, घाम फुटला किंवा धाप लागली, तर जुना नॉर्मल रिपोर्ट बघत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.