मदत हवी आहे : ऑडिट तोंडावर आलंय, धारावीचं जॉबवर्क दाखवायचं की झाकायचं?

नमस्कार मंडळी. साकीनाक्याच्या एका गारमेंट एक्स्पोर्ट युनिटमध्ये एचआर आणि कम्प्लायन्स दोन्ही माझ्याच गळ्यात आहे. युरोपातल्या बायरने चार पिलरचं स्मेटा ऑडिट (कारखान्यातल्या कामाच्या परिस्थितीची तपासणी) मागितलंय : कामगार, सुरक्षा, पर्यावरण, व्यवहारातली सचोटी. सेमी-अनाउन्स्ड आहे, म्हणजे ठरलेल्या आठवड्यांत कधीही येऊन उभे राहतील.

शिलाई आमच्याकडे होते. काज-बटण आणि धागाकटिंग धारावीत एका ठेकेदाराकडे जातं, ते बायरला माहीत नाही. शिपमेंटच्या आधी ओव्हरटाइम होतो; कायद्याने दुप्पट द्यायचा, आम्ही सिंगल देतो, तोही रोखीने.

शेठनी कन्सल्टंट आणलाय. तो मस्टर ‘नीट करून’ देणार, सगळे रविवार सुट्टी. अहो, पण तुटलेल्या सुयांचं रजिस्टर? सुई मोडली की तुकडे टेपने कागदावर चिकटवायचे, बाजूला तारीख, वेळ, मशीन नंबर, सुपरवायझरची सही. त्यात रविवारी रात्री नऊच्या सुया चिकटलेल्या आहेत. ऑडिटर नेमकं हेच मस्टरशी ताडून बघतात.

मला मात्र मस्टरपेक्षा धारावीचा माळा जास्त खुपतोय. खाली इस्त्री आणि कापडाचे गठ्ठे, वर कारागीर, उतरायला एकच लोखंडी शिडी, खिडकीला पक्की जाळी. रात्री पोरं तिथेच झोपतात. कन्सल्टंट त्यावर चकार शब्द काढत नाही, कारण त्याच्या कागदांत तो पत्ताच नाही.

स्वतःहून सांगितलं तर बायर ऑर्डर काढून घेतात की सुधारायला मुदत देतात? शेठना कसं पटवू? (कायदा सांगून झालाय.)

मस्टरवाली ताई : बरीच वर्षं ऑडिट करतेय. स्मेटात पास-नापास नसतं. त्रुटी लिहिल्या जातात, प्रत्येकीला मुदत मिळते. ओव्हरटाइमचा फरक देऊन ती त्रुटी मिटते. बनावट मस्टर सापडला की बाकीच्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. ऑडिटच्या आधी शेठच्या सहीने बायरला मेल जाऊ द्या, सोबत सुधारणेच्या तारखा. प्रत्येक बायर सारखा नसतो, पण आधी सांगणाऱ्याशी बोलणी तरी होतात.

शेठना कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याबद्दल सांगा. ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० हे कामगारांची परिस्थिती चांगली असल्याचं प्रमाणपत्र मिळालं, ११ सप्टेंबरला आग लागली. दारं बंद, खिडक्यांना गज. २५० हून जास्त कामगार गेले. प्रमाणपत्र भिंतीवर होतं. जाळी या आठवड्यातच काढा, ऑडिटची वाट बघू नका.

धागाकर्ता (मूळ प्रश्न विचारणारा) : धन्यवाद ताई. जाळीला ठेकेदार कसाबसा तयार झालाय, चोरीची भीती घालतोय. दुसरा जिना काढायला गाळामालक नाही म्हणतो. मग कारागीर साकीनाक्यालाच आणले, तर त्यांचं ईएसआय-पीएफ (कामगार विमा आणि भविष्यनिर्वाह निधी) ठेकेदाराच्या नोंदणी कोडवर चालेल की आमच्या? आणि त्यांच्या झोपायची सोय कुणी केली आहे का अशी?