शाळा बंद होती, मग फी कसली? (त्या पोस्टला उत्तर)

खडूफळा
परवा इथे एक पोस्ट फिरली. सार एवढंच: 'कोविडमध्ये शाळेला कुलूप होतं, तरी फी उकळली. शेवटी भीक घातल्यासारखी 15 टक्के सूट. उरलेले 85 टक्के कशाचे?' खाली नुसते अंगठे आणि टाळ्या. मी विनाअनुदानित शाळेत गणित शिकवते, त्यामुळे गप्प बसवेना.

कुलूप शाळेला होतं, मला नव्हतं. कणकेच्या डब्याला मोबाइल टेकवून मी अपूर्णांक शिकवलेत. मागून नवरा बनियनवर फिरू नये म्हणून दाराला खुर्ची लावून. रात्री अकराला 'मिस, याला समजलं नाही' असे निरोप यायचे, ते वेगळेच.

आणि ते 15 टक्के भीक नव्हती. 3 मे 2021 ला राजस्थानच्या शाळांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळा बंद असल्याने वीज, पाणी, पेट्रोल, देखभाल वाचली, तेवढं पालकांना सोडा. तोच आकडा उचलून आपल्या सरकारने 12 ऑगस्टला आदेश काढला. वाचलेल्या खर्चाची ती सूट होती. उरलेले 85 म्हणजे मुख्यतः आमचे पगार.

दोन_मुलांचा_बाप
ती पोस्ट माझीच. बाई, तुम्हाला पगार किती मिळाला ते लिहा की.

खडूफळा
एप्रिलला निम्मा. जूनपासून दिवाळीपर्यंत 40 टक्के. कारण दिलं, 'पालक फी भरत नाहीत'.

दोन_मुलांचा_बाप
मी भरली. दोघांची, पूर्ण, ऑगस्टच्या आत. माझाच पगार कंपनीने 30 टक्के कापलेला असताना. त्यात प्रयोगशाळा होती, ग्रंथालय होतं, स्नेहसंमेलनसुद्धा होतं. स्नेहसंमेलन कुठे झालं, झूमवर? तुम्हाला 40 टक्के मिळाले, तर माझे पैसे गेले कुठे? 85 टक्के आमचे पगार म्हणताना जरा तरी विचार करायचा.

खडूफळा
हे बरोबर आहे. असं लिहावं लागतंय याचाच संताप येतोय.

काळा_डगला
थोडं कायद्याचं. 8 मे 2020 ला राज्य सरकारने फीवाढ नको असा शासन निर्णय काढला, 26 जूनला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे पालकांच्या हातात पहिलं वर्षभर फारसं काही नव्हतंच.

पगाराचं त्याहून वाईट. केंद्राने 29 मार्चला आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली फर्मान काढलं, टाळेबंदीत पगार कापायचा नाही. 17 मेपर्यंत चाललं आणि मागे घेतलं. त्या 50 दिवसांवरून मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. 12 जूनला कोर्ट म्हणालं, मालकांवर सक्तीची कारवाई नको, आपसात बोला, नाही जमलं तर कामगार खात्याकडे जा. मालकाशी 'आपसात' बोलायचं, नोकरी जायच्या भीतीत!

आणि बाई, तुम्हाला तर तेव्हाच्या, कामगार-मालक तंट्यांसाठीच्या औद्योगिक विवाद कायद्याचं दारही उघडं नव्हतं. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात 1988 सालीच ठरलं होतं: शाळा हा 'उद्योग' आहे, पण शिक्षक 'कामगार' नाही. शिपाई जाऊ शकत होता, तुम्ही नाही.

खडूफळा
वा! म्हणजे घंटा वाजवणारा कामगार, आणि घंटेवर धावणारी मी समाजसेविका.

निवृत्त_सायन
नोकरीवरून काढलं तर शाळा न्यायाधिकरण आहे की.

काळा_डगला
काढलं किंवा पदावनती केली तर. पगार अर्धा दिला हे त्यात सरळ बसत नाही. ट्रस्टींना हे पाठ असतं.

पोळपाट_लाटणं
एक विचारू? इथे फी, पगार, कोर्ट सगळं झालं. टाळेबंदीच्या चार महिन्यांत तुमच्या घरकामाच्या बाईंना किती जणांनी पूर्ण पगार दिला?

दोन_मुलांचा_बाप
विषय काय, चाललंय काय.

पोळपाट_लाटणं
विषय हाच. काम बंद, मग पैसे कशाचे? तुमचंच वाक्य.

निवृत्त_सायन
आमच्या सोसायटीनेच बायकांना गेटवर अडवलं होतं. आमचा काय दोष?

पोळपाट_लाटणं
आणि शाळा काय शाळेने बंद केली होती?

दोन_मुलांचा_बाप
मी निम्मे दिले. माझेच कापले होते, सांगितलं ना. उगाच नैतिकतेचे डोस नकोत. आणि कायद्याने तेही बंधनकारक नव्हतं.

काळा_डगला
दुर्दैवाने खरं आहे. त्या 29 मार्चच्या आदेशात कारखाने, दुकानं, आस्थापना होत्या, घरं नव्हती. नोंदणी असलेल्या घरकामगारांना राज्याने 2021 मध्ये 1500 रुपये दिले. नोंदणी किती जणींची असते, ते तुमच्या स्वयंपाकघरात विचारा.

खडूफळा
मी पूर्ण दिले. 40 टक्क्यांतून. मिरवायला नाही सांगत. खरं तर मिरवायलाच सांगतेय.

दोन_मुलांचा_बाप
झालं! आता मी खलनायक.

काळा_डगला
भांडू नका. तुळजाभवानी मंदिराच्या कंत्राटी कामगारांची केस आठवतेय? औरंगाबाद खंडपीठ, 12 मे 2020. मंदिर बंद, म्हणून कंत्राटदाराने पैसे रोखले. कोर्ट म्हणालं, अशा असाधारण काळात 'काम नाही तर दाम नाही' लावता येणार नाही. पगार पूर्ण द्या, फक्त जेवणाचा आणि प्रवासाचा भत्ता वगळा. मला तो निकाल आवडतो. जे घडलंच नाही त्याचे पैसे कापले, माणसाचे नाही कापले. पण त्याच खंडपीठाने 12 दिवस आधी हेही म्हटलं होतं की निर्बंध उठल्यावर जो आपल्या मर्जीने गैरहजर राहील, त्याचा पगार कापता येईल. सगळं कामगारांच्या बाजूचं होतं असं समजू नका.

दोन_मुलांचा_बाप
मग त्याच न्यायाने बसची फी परत मिळायला हवी होती. प्रवास झालाच नाही.

खडूफळा
बसचं मान्य. स्नेहसंमेलनाचंही.

दोन_मुलांचा_बाप
उपकार झाले.

निवृत्त_सायन
मिळाली का मग बसची?

दोन_मुलांचा_बाप
शाळा म्हणाली, कंत्राटदाराला विचारा. शोधत गेलो. व्हॅन विकून नाक्यावर भाजी विकत होता. मला पाहून ओशाळला, म्हणाला, 'साहेब, मे महिन्यात बघू.' दोन किलो कांदे घेतले आणि परत आलो.