पोट कधी दगा देईल सांगता येत नाही : आयबीएसचे तुमचे अनुभव लिहा

पणजी ते मडगाव रस्त्यावर कुठे कुठे स्वच्छतागृह आहे हे मला पाठ आहे. कुठे कडी लागत नाही, कुठे किल्ली मागावी लागते, कुठला हॉटेलवाला चहा न घेता आत सोडतो, सगळं. नऊ वर्षांपूर्वी आयबीएसचं (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासण्या ठीक येऊनही वरचेवर बिघडणारं पोट) निदान झालं. कोलोनोस्कोपी स्वच्छ, थायरॉईड ठीक, गव्हाच्या अ‍ॅलर्जीसारखा जो सिलियाक नावाचा आजार असतो त्याची रक्ततपासणीही ठीक. रिपोर्ट चांगले म्हणून घरचे खूश, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत चार वेळा आत.

काय खाल्लं, काय सोडलं, किती दिवसांनी फरक पडला, कुठल्या झाडपाल्याने बरं वाटलं आणि कुठल्याने वाट लागली, ते इथे लिहा. 'हे घ्या, मुळापासून जाईल' असं कृपया नको. ते माझ्या मावशीने सांगून झालंय. आणि शौचातून रक्त, आपोआप उतरणारं वजन, ताप, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काही असेल तर इथे लिहीत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.

माझं सांगते. आहारतज्ज्ञ बाईंनी फॉडमॅपचा तक्ता दिला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी ही पद्धत बसवली. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या काही शर्करा. त्या पाणी ओढतात, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, वायू धरतो. चार आठवडे त्या सगळ्या बंद आणि मग एकेक पदार्थ परत घेऊन बघायचा, तीन-तीन दिवस. कायमचं सगळं सोडायचं नसतं, हे बरेच जण विसरतात आणि नुसते वाळत जातात. माझा गुन्हेगार निघाला कांदा-लसूण. गंमत म्हणजे आमच्याकडे सोमवारचं जेवण शिवराक, बिनकांद्याचं. सोमवारी रात्री आणि मंगळवारी सकाळी माझं पोट शांत असायचं, आणि हे लक्षात यायला नऊ वर्षं लागली! आता अख्ख्या लसणीच्या पाकळ्या तेलात तळून काढून टाकते. त्या शर्करा पाण्यात उतरतात, तेलात उतरत नाहीत, त्यामुळे वास मिळतो आणि पोट बिघडत नाही. रश्शात उकळलेली पाकळी बाहेर काढून मात्र उपयोग नाही. बाकी उकड्या तांदळाची पेज, तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण, साधी सोलकढी (तीही बिनलसणीची) यावर माझं उत्तम चालतं.

म्हार्दोळहून

तुमचा सोमवार तो माझा शत्रू! श्रावण लागला की माझ्या पोटात भूत शिरतं. महिनाभर मासे बंद आणि ताटात आळसांदे, चणे, वाटाणे, मुगागाठी. कडधान्यांतली जी शर्करा असते ती पचवायचं पाचकच माणसाच्या आतड्यात नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला अगदी हायसं वाटलं, कारण तोवर मी नाटकं करते असंच घरात मत होतं. सासूबाई म्हणतात, "मासे न खाल्ल्याने आजारी पडणारी तू पहिलीच." आता कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून टाकते, ताज्या पाण्यात शिजवते आणि पळीभरच वाढून घेते. खतखत्यात तूरडाळ कमी आणि सुरण, कणगं जास्त. त्याने चतुर्थीचे पाच दिवस गेल्या वर्षी निभावले. नेवऱ्या दोनच खाल्ल्या. बरं, तीन.

वास्को, शिफ्टची नोकरी

माझं सुरू झालं एका लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली तिथपासून. जुलाब आठवड्यात थांबले, पण आतडं काही पूर्वपदावर आलं नाही. संसर्गानंतरही आयबीएस सुरू होतो, हे मला खूप उशिरा कळलं. कुणीतरी 'फायबर वाढव' म्हटलं म्हणून रोज सकाळी कोंड्याची पोई (आमचा गोव्याचा पाव) खायला लागलो. पोट ढोल. इसबगोल मात्र मानवला. तोही फायबरच, पण पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात केली, आठवडाभराने एक, मग दोन, वर मोठा पेला भरून पाणी. पहिल्याच दिवशी तीन चमचे घेणाऱ्या माझ्या रूममेटचं काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सत्तरी तालुक्यातून

आमच्याकडे कुड्याचं झाड परसात. आजी पोटाला कुड्याची साल उगाळून द्यायची, म्हणून मी काढा सुरू केला, मापबीप काही नाही, सलग दोन महिने. माझा प्रकार मुळात बद्धकोष्ठाचा! कुडा जुलाब बांधतो. पाच-पाच दिवस संडास नाही, कळा येऊन घामाघूम. शेवटी धारगळला 2022 मध्ये सुरू झालेल्या आयुर्वेद संस्थेच्या ओपीडीत गेलो. वैद्यांनी पहिला प्रश्न विचारला, "साल कुठल्या कुड्याची?" पांढरा कुडा औषधाचा, आणि काळा कुडा दिसायला तसाच, पण झाड वेगळं. मला सांगता येईना. मग त्यांनी काढा बंद करून दुपारच्या जेवणानंतर ताजं, लोणी काढलेलं ताक आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड दिली, रात्रीचं जेवण आठच्या आत. फार काही नाही, पण चाललंय. ज्यांना जुलाबाचा त्रास आहे त्यांना कुटजाच्या, म्हणजे कुड्याच्याच, गोळ्यांनी फरक पडतो असं ऐकतो, माझ्या चुलत भावाला पडलाही. पण आपला प्रकार कुठला ते आधी बघा. आजीला माझं पोट माहीत होतं, तिचं बोट माप होतं. माझं नाही.

मडगाव, वय 63

ज्येष्ठमधाची पूड पोटाला थंड म्हणून तीन महिने घेतली. पोट बरं, पण बीपी 170 वर आणि पाय सुजले. बीपीच्या लोकांनी जपून. माझ्या डॉक्टरना मी हे सांगितलंच नव्हतं, कारण 'औषध' म्हणजे गोळी असं माझ्या डोक्यात.

म्हापसा

पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलने माझी मुरड थांबते. जेवणाआधी अर्धा तास, अख्खी गिळायची. मी एकदा गिळता येत नाही म्हणून फोडून चहात घातली, तर छातीत जळजळ दोन दिवस. वरचं आवरण आतड्यात जाऊन विरघळण्यासाठीच असतं. आणि मे महिना कसा काढता कोणी सांगाल का? ताटभर आंबे, कलिंगड, वर मूठभर काजू, तिन्ही पोट फुगवणारे. उर्राकाचं (काजूच्या बोंडांच्या दारूचं) तर नावच काढत नाही. पिकून काळी पडलेली केळी सोडून थोडी कडक खायला लागल्यापासून मात्र बरं आहे.

फोंडा, शिक्षिका

जरा वेगळं लिहिते. आहार सगळा पाळूनही परीक्षेच्या दिवसांत माझं व्हायचंच. डॉक्टरांनी रात्री झोपताना अमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्रॅम दिली. दुकानात गोळीचं नाव वाचून फार्मासिस्टने चेहरा केला, नवऱ्याने इंटरनेटवर 'डिप्रेशन' वाचलं, घरी रडारड. एवढ्या लहान मात्रेत ती आतड्याच्या नसांची दुखणी कमी करायला देतात, मनाच्या आजारासाठी नाही, हे समजावायला दोन आठवडे गेले. तोंड कोरडं पडतं, सकाळी उठायला जड जातं. कळ निम्म्यावर आली. पेज आणि गोळी दोन्ही चालू आहेत, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

आणि धागा काढणाऱ्या ताई, ती पणजी–मडगावची यादी इथे टाका ना. मी आठवड्यातून दोनदा जाते.

यादी मागितल्याबद्दल

लिहायला घेतली आहे, रविवारी टाकते. पण खरं सांगू? पूर्वी जुन्या जुवारी पुलावर तास-तासभर बस अडकायची, तेव्हा पुलाच्या दोन किलोमीटर आधीच माझ्या पोटात गोळा यायचा, मग खाल्लेलं काहीही असो. नवा पूल झाल्यापासून लोपेरामाईडची (जुलाब थांबवणाऱ्या गोळ्यांची) पट्टी पर्समध्येच राहते.