डावा इंडिकेटर फटाफट मारतोय, ब्रेक दाबला की मागचा बंदच (२००९ची पिकअप)

कोलशेतवाला:
नमस्कार मंडळी. २००९ची डिझेल पिकअप आहे, एमएच ०४, सेकंडहँड घेतलेली, आधीचा मालक तिच्यातून मासळी वाहायचा. मी तुर्भ्याच्या मार्केटातून पहाटे भाजी भरतो आणि विटावा-कळवा करत ठाण्यात येतो. तर झालंय असं की उजवा इंडिकेटर एकदम व्यवस्थित पण डावा लावला की टिकटिकटिकटिक डबल स्पीडने मारतो, मागचा डावा अगदी मंद लागतो आणि ब्रेकवर पाय ठेवला की तो मंदही बंद. अजून एक गंमत, हेडलाइट चालू असले की डावा टेललाइट इंडिकेटरबरोबर नाचतो. इथल्या एका गॅरेजवाल्याने फ्लॅशर (इंडिकेटरला टिकटिक मारायला लावणारा रिले) बदलला, पैसे घेतले, फरक शून्य. आता म्हणतो स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच (इंडिकेटर-लाइटचा दांडा) गेला, तो टाकू. पुढच्या आठवड्यात आरटीओचं पासिंग (फिटनेस तपासणी) आहे आणि जुन्या गाडीला ते दरवर्षीच आलं, त्यामुळे टाळता पण येत नाही. स्विच टाकू का?

राबोडी_रायडर:
भाऊ सरळ चारही एलईडी टाक, उजेड पण भारी पडतो, विषय संपला

खाडीकाठचा_वायरमन:
एलईडी अजिबात नको. इंडिकेटरचा साधा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट खातो, आणि फ्लॅशर तोच करंट बघत बसलेला असतो. करंट कमी झाला की त्याला वाटतं बल्ब उडाला आणि तो ड्रायव्हरला कळावं म्हणून स्पीड वाढवतो. एलईडी टाकलास तर चारही बाजूंनी फटाफट सुरू होईल, वर एलईडीचा वेगळा फ्लॅशर घ्यावा लागेल आणि मूळ फॉल्ट तिथेच.

कोलशेतवाले दादा, स्विचला हात लावू देऊ नका. आधी फुकटातली टेस्ट करा, हजार्डचं (चारही इंडिकेटर एकत्र मारणारं) बटण दाबा. हजार्डला स्टिअरिंगचा स्विच लागतच नाही, तो वेगळ्या स्विचवरून चालतो, बल्ब मात्र तेच. हजार्डवर पण मागचा डावा मंदच असेल तर कॉम्बिनेशन स्विच निर्दोष आहे.

माझ्या मते तुमची डाव्या टेललॅम्पची अर्थ, म्हणजे करंट चेसिसवाटे बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी जोडणी, गेलीये. त्या लॅम्पमध्ये टेल, ब्रेक, इंडिकेटर तिघांना मिळून एकच अर्थची वायर असते. ती तुटली की इंडिकेटरचा करंट घरी जायला दुसरी वाट शोधतो आणि ब्रेकच्या नाहीतर टेलच्या फिलामेंटमधून उलटा जातो, म्हणून मंद लागतो. ब्रेक दाबला की त्याच वाटेवर समोरून १२ व्होल्ट येऊन उभे राहतात, मग तो जाणार कुठे? म्हणून बंद. टेललाइट नाचतो तो पण त्याच कारणाने. बहुतेक ब्रेक दाबल्यावर डॅशवरचा डावा बाण पण हलकासा पेटत असेल, रात्री बघा.

कोलशेतवाला:
अहो पेटतो!! मला वाटायचं डॅशचा काच-बिच चमकतोय. हजार्डवर पण डावा मागचा मंदच आहे, आत्ताच बघून आलो. आता काय करू, घरी मल्टिमीटर आहे.

खाडीकाठचा_वायरमन:
मग झालंच. डावा इंडिकेटर चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बल्ब होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावा. पिन छोटी पडली तर लांब वायर जोडून घ्या. चांगल्या अर्थला जवळपास शून्य दिसतं, अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी गडबड, तुमच्याकडे कित्येक व्होल्टची उडी दिसेल बघा. मीटर नको असेल तर होल्डरच्या पत्र्यापासून चेसिसवर घासून चकचकीत केलेल्या जागी एक वायर धरा, मागचा डावा लगेच जोरात लागला आणि स्पीड नॉर्मल झाला की खात्री.

रिपेअर करताना नुसता बोल्ट आवळून सोडू नका. मासळीची गाडी म्हणजे बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून खाली गळलेलं, त्यामुळे वायर बाहेरून चांगली दिसली तरी आत काळी पडलेली असते. इन्सुलेशन सोलून बघा, तांबं काळं असेल तर चकचकीत लागेपर्यंत कापत या, फारच आत गेलं असेल तर लॅम्पपासून चेसिसपर्यंत नवीन जाड वायर टाका. टोकाला थिंबल (बोल्टखाली बसणारा धातूचा छल्ला) दाबून, चेसिसवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने पूर्ण काढून, मग बोल्ट, आणि वरून ग्रीस. नुसता पिळ मारून टेप गुंडाळलेला जॉइंट एका पावसाळ्याचा पाहुणा. होल्डरमध्ये हिरवा कार्बन असेल तर तोही घासा, पत्रा खाल्ला गेला असेल तर होल्डरच बदला, महाग नसतो. उजव्या बाजूची अर्थ पण त्याच वेळी करून टाका, तिनेही तेच पाणी प्यायलंय.

घणसोलीकर:
माझ्याकडे उलटा प्रकार होता म्हणून लिहितो, हजार्ड चालू पण इंडिकेटर दोन्ही बाजूंचे बंद. फ्यूज बघितला तर ठीक होता. निघालं काय तर हजार्डचं बटण. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरची सप्लाय हजार्डच्या स्विचमधून फिरून फ्लॅशरला येते, आणि ते बटण वर्ष वर्ष कोणी दाबत नाही, आत कार्बन धरतो. खटाखट दाबत राहिलो, चालू झालं, नंतर स्विच खोलून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला.

कोलशेतवाला:
झालं काम. होल्डर ते बॅटरी मायनस सात व्होल्टच्या वर दाखवत होतं. अर्थची वायर हौद्याच्या क्रॉसमेंबरला (खालच्या आडव्या पट्टीला) बोल्टने होती, बोल्ट हाताने फिरवला तर डोकंच हातात आलं, थिंबल म्हणजे नुसती हिरवी पूड. नवीन वायर टाकली, दोन्ही बाजूंना. आता डावा-उजवा सारख्या चालीने मारतात, ब्रेक दाबून पण. जुना फ्लॅशर परत लावून बघितला, तो पण मस्त चालतोय, मग नवा डॅशबोर्डच्या खणात टाकलाय स्पेअर म्हणून. गॅरेजवाल्याचा फोन आला होता, स्विच मागवू का विचारत होता.

खाडीकाठचा_वायरमन:
नको सांगा 😄 आणि पासिंगच्या आधी नंबर प्लेटचा दिवा पण बघा, त्याची अर्थ पण बहुतेक तिथेच मागे कुठेतरी मारलेली असेल.