स्पोकॅन नक्की काय, शहर की नदी की लोक?

दादरवाली: भाचीला गोन्झागा युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालीय, अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेटमध्ये स्पोकेन का स्पोकॅन म्हणून शहर आहे तिथे. नेटवर बघायला गेले तर कधी शहर येतं, कधी नदी, कधी तिथले मूळ रहिवासी. तिघांचं नाव एकच कसं आणि आधी कुणाचं? आणि उच्चार काय करायचा ते पण सांगा.

मुलुंडकर: ताई, स्पोकॅन म्हणायचं. आणि नाव आधी लोकांचं. सेलिश भाषा बोलणारे हे लोक, नदीतल्या सामन माशावर जगणारे. १८१० मध्ये फरच्या व्यापाऱ्यांनी तिथे ठाणं काढलं तेही स्पोकॅन हाऊस, शहर तर खूप नंतरचं. १८८१ ला धबधब्यावरून स्पोकॅन फॉल्स म्हणून रीतसर शहर झालं, १८८९ च्या आगीत डाउनटाऊनचा मोठा भाग जळाला, आणि १८९१ पासून नुसतं स्पोकॅन.

वेसावकर: त्याच १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने त्या लोकांचं रिझर्वेशन, म्हणजे त्यांना राखून दिलेली जमीन, पण ठरलं, हे कुणी सांगत नाही! म्हणजे शहर त्यांच्या नावाने उभं राहिलं आणि ते स्वतः खाली, नदी मोठ्या कोलंबिया नदीला मिळते त्या बाजूला. मग १९११ ला लिटल फॉल्सचं धरण आलं आणि मासा वर यायचा बंद झाला, पुढे कोलंबियावर ग्रँड कूली धरण बांधलं त्यात माशांना चढायला वाटच ठेवली नाही, उरलासुरला सामनपण गेला, आणि ज्यांचं सगळं घरदार, सण, देवाणघेवाण त्या माशावर त्यांचं काय झालं असेल विचार करा. आम्ही कोळी माणसं, मुंबादेवी आमची, कुलाबा नाव पण आमच्यावरून पडलं म्हणतात, आणि होड्या लावायला जागा मागत फिरतोय, त्यामुळे हे वाचून पोटात तुटतं. पण ते लोक आजही तिथेच आहेत हां, आणि सामन परत नदीत सोडायचं काम स्वतः करतायत. भाचीला हे नक्की सांगा.

दादरवाली: सांगते दादा, हे खरंच माहीत नव्हतं. धबधबा लांब आहे का कॉलेजपासून?

मुलुंडकर: नाही हो, धबधबा शहराच्या मधोमधच आहे आणि कॉलेजही नदीकाठीच. १९७४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तिथले रेल्वेचे रूळ काढले, आता मोठं पार्क आहे. वसंतात बर्फ वितळलं की जायला सांगा, तेव्हा पाणी जोरात असतं.