मदत हवी आहे: झिंकच्या मुठींना ॲनोडायझिंग होतं का?

मंडळी, होड्यांच्या केबिनला लागणाऱ्या मुठी आणि कड्या आम्ही झामक ३ (जस्ताचा म्हणजे झिंकचा मिश्रधातू) मध्ये डायकास्ट करून, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून, घेतो. गिऱ्हाईक बहुतेक मालवण-वेंगुर्ल्याकडचं. वर पिवळं पॅसिव्हेशन (गंज रोखणारा क्रोमचा पातळ रासायनिक थर) असतं, तरी एका पावसाळ्यात पांढरी भुकटी धरते. ॲल्युमिनियमच्या मुठी ॲनोडायझिंग केल्या (ॲसिडच्या टाकीत वीज सोडून धातूवर ऑक्साइडचा थर चढवला) की कितीतरी टिकतात. म्हणून झिंकचे नग घेऊन गेलो, तर ॲनोडायझिंगवाल्याने दारातूनच परत पाठवलं. "माझी टाकी नासेल," म्हणे. खरंच नासते, की छोटं काम नको म्हणून टाळतोय?

प्रतिसाद १:
खरंच नासते. त्याच्या टाकीत १५-२० टक्के सल्फ्युरिक ॲसिड असतं. त्यात ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, झिंक मात्र सरळ विरघळतं. झामकमध्ये ४ टक्के ॲल्युमिनियम आहे खरं, पण तेवढ्याने काही होत नाही.

झिंकचं ॲनोडायझिंग म्हणून वेगळी प्रक्रिया आहे. अमोनियम फॉस्फेट, क्रोमेट आणि फ्लोराइडचं द्रावण, व्होल्टेज चढवत २०० पर्यंत. थर ऑलिव्ह हिरवा येतो, कडक असतो, गंजाला दाद देत नाही. पण हेक्साव्हॅलंट क्रोम (क्रोमियमचं विषारी रूप) आणि फ्लोराइडचं सांडपाणी कुठे सोडणार? मुठींसाठी हा खटाटोप मी तरी करणार नाही.

प्रतिसाद २:
प्लेटिंगमध्ये आहे म्हणून विचारतो: पॅसिव्हेशननंतर माल कसा सुकवतात? जुन्या पद्धतीचं हेक्साव्हॅलंट पिवळं असेल आणि गरम हवा ६० अंशांच्या वर गेली, तर थरातलं पाणी उडून तो तडकतो. दिसायला पिवळा धमक, कामाला शून्य. जाड ट्रायव्हॅलंट (क्रोमियमच्या कमी विषारी रूपाचं) पॅसिव्हेशन घ्या, ते उष्णता बरंच सोसतं. मग वर पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पूड मारून भट्टीत पक्की करणं. भट्टी १८०-२०० अंशांची असते, कास्टिंगच्या छिद्रांतली हवा फुगून फोड येतात. म्हणून पावडर मारण्याआधी नग एकदा रिकामेच तापवून घ्या.

आणि स्क्रू कसले आहेत?

धागाकर्ता:
पितळी. सुकवण्याचं उद्याच विचारतो.

प्रतिसाद २:
मग अर्धा रोग तिथेच आहे. खाऱ्या पाण्यात पितळेला लागून झिंक ठेवलं की झिंकच खाल्लं जातं. स्टेनलेसनेही तेच होईल. स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर आणि भोकात नायलॉनची बुश (छोटी नळी) घाला, धातूला धातू लागू देऊ नका. भुकटी भोकाभोवतीच जास्त असते का, ते बघून सांगा.